विहीर बुजली, आसरा कुठे गेल्या? मुंबईतल्या फँटसी खेळात जुन्या भुतांना जागा कशी द्यायची

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि एकेक पात्र वठवत गोष्ट रचायच्या फँटसी खेळात काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हडळ आणली. नियमपुस्तकातल्या राक्षसांचा असतो तसा तिचा तक्ता केला होता: साठ हिट पॉइंट (म्हणजे किती मार खाल्ला की ती पडते तो आकडा), नखांचा वार, किंकाळी. जागा आरे कॉलनीतला रस्ता, वेळ रात्री दोनची. प्लेअरांनी तिला वीस मिनिटांत आडवी केली आणि विचारलं, "लूट काय मिळाली?"

हडळीकडे लूट!

घरी परतताना लोकलमध्ये आजी आठवली. आजी मालवणकडची. तिने हीच हडळ दोन वाक्यांत सांगितली होती आणि पुढे आठवडाभर मी रात्री न्हाणीघरात एकटा गेलो नव्हतो. "पुढसून बगशीत तर बाईलमाणूस. पाठ फिरवल्यान काय आत कायच नाय." तिच्या गोष्टीत मारामारी कधीच नसायची. काय करू नये, कुठे थांबू नये, कुणाला काय द्यायचं राहिलं, एवढंच असायचं. त्या रात्रीपासून मी भुतांचे हिट पॉइंट लिहिणं सोडलं. त्याऐवजी एकच गोष्ट लिहितो: हिचा मान काय आणि तो कुणी चुकवला. पुढची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. नियम तुम्ही कुठलेही वापरा, ती चालते.

आधी यादी आखूड करा

हडळ, जखीण, लावसट, अलवंतीण, मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चकवा, देवचार, वेताळ. नवा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, हे सगळे एकाच कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांच्या एका सलग गोष्टीत, कोंबतो आणि त्याचं प्राणिसंग्रहालय होतं. तीन निवडा, फार तर चार.

निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपली जुनी भुतांची यादी जातीपातीने आणि बाईपणाने भरलेली आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला ब्राह्मण मुलगा, खवीस मुसलमानाचा, अलवंतीण बाळंतपणात गेलेली बाई. या यादीतला बराच भाग कागदावर कसा आला तेही पाहण्यासारखं आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन गावोगावच्या शाळामास्तरांकडून अशी माहिती गोळा करत होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याला नाटकगृहात गोळी घातली आणि ते कागद पुढे एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने लावून छापले. कोकणचा भाग १९१५ मध्ये आला. म्हणजे एखाद्या भुताबद्दल जे छापलेलं दिसतं, ते मास्तरांनी गावात ऐकलं आणि साहेबाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलं. ते जसंच्या तसं उचलायची सक्ती कुणी केलेली नाही. माझ्या टेबलावर खवीस नाही आणि बाळंतपणात मेलेली बाई खलनायिका होत नाही. ती आली तर तिच्याशी बोलता येतं.

मी नेहमी घेतो ते तीन: साती आसरा (पाण्यातल्या सातजणी, वरच्या यादीबाहेरच्या), गिऱ्हा, आणि वाट चुकवणारा चकवा. पहिल्या दोघांची जागा पाण्यात, तिसऱ्याची वाटेवर. आणि मुंबई म्हणजे भरलेलं पाणी आणि चुकलेली वाट.

'परी' हा शब्द टेबलाबाहेर ठेवा

बहुतेक शहरी फँटसी खेळ इंग्रजी लोककथांतल्या फेअरींवर उभे असतात आणि आपण 'परी' म्हटलं की डोळ्यांपुढे पंखवाली चिमुकली येते. स्कॉटलंड-आयर्लंडचा शेतकरी त्यांना इतका टरकून असे की नावसुद्धा घेत नसे. 'भले शेजारी', 'भली माणसं' असं म्हणून वेळ मारून न्यायचा. आपल्याला हे नवीन नाही. आपण रात्री सापाला जनावर किंवा लांबडं म्हणतो, अंगावर फोड आले तर 'देवी आल्या' म्हणतो. आसरांनाही कितीतरी गावांत माउल्याच म्हणतात. आसरा हा शब्द अप्सरेवरून आला. अप्सरा म्हणजे पाण्यात वावरणारी. परीला आपल्याकडे जवळची कोण म्हणाल तर हीच. फक्त ही तुम्हाला डोहात ओढते.

म्हणून पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, नियम सांगून टाका: कॅरेक्टरने (प्लेअर वठवतो त्या पात्राने) अंधारात किंवा पाण्याजवळ खरं नाव उच्चारलं की 'त्यांनी' ऐकलं. प्लेअर आपोआप 'त्या बायका', 'खालच्या', 'तो माणूस' असं बोलायला लागतात. अर्ध्या तासात टेबलाचा आवाज उतरतो. माझ्या मते पार्श्वसंगीताच्या कुठल्याही प्लेलिस्टपेक्षा हे स्वस्त आणि परिणामकारक.

हद्द आखणे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

गावात आसरा म्हणजे विहिरीच्या किंवा डोहाच्या काठचे शेंदूर लावलेले सात दगड. जवळपास त्यांचा भाऊ म्हणून म्हसोबा. हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खणानारळाने ओटी, दहीभाताचा नैवेद्य. हद्द स्पष्ट, मान स्पष्ट. प्रश्न असा की मुंबईत विहीर कुठे आहे?

होत्या, आणि भरपूर होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास विहिरींत वाढतात म्हणून पालिकेने त्या बुजवायची, झाकायची मोहीम काढली. लोकांनी विरोध केला आणि विरोधातली एक तक्रार आपल्या फार कामाची आहे: विहिरीत राहणाऱ्यांचं काय? रुस्तम मसानी हे पालिकेतले अधिकारी, पुढे महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी १९१८ साली विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, ते याच भांडणातून. विहिरी बुजवणाऱ्या खात्याच्या माणसाने विहिरीतल्या आत्म्यांची नोंद ठेवावी, ही कॅम्पेनची सुरुवात आपल्याला सुचली नसती.

आता नकाशा घ्या आणि पाणी गेलं पण नाव उरलं अशा जागा शोधा. धोबी तलावात तलाव नाही. सी. पी. टँकला टाकी नाही. गोवालिया टँकवर १९४२ साली 'चले जाव'ची सभा झाली, तिथे आज मैदान आहे. दोन टाकीला दोन्ही टाक्या गायब. याउलट चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ पासून टिकून आहे, पारशी समाज तिला पवित्र मानतो. बाणगंगेला आजही पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येतं. माझा घरचा नियम असा: बुजलेल्या जागी आसरा *अडकल्या* आहेत, उघड्या पाण्याजवळ त्या *सौम्य* आहेत. भिका बेहरामसारख्या चालत्या पूजास्थानाला मी खेळात हात लावत नाही. तिथे कुणाला त्रास होत नाही, कारण तिथला मान कधी चुकलाच नाही. प्लेअरांना हा फरक स्वतः शोधू द्या.

मग पाणी येतं कुठून? मुंबईला सात तलाव पाणी देतात: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. सात. हे मला सुचलं त्या रात्री झोप लागली नाही. शहरातल्या विहिरींतून उठवलेल्या सातजणी पाइपाच्या उलट दिशेने चालत गेल्या आणि एकेकीने एकेक तलाव धरला. विहार १८६० मध्ये सुरू झाला, म्हणजे थोरली तिथे. पवई तलावाचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत, तो या सातांत नाही आणि त्यात मगरी आहेत. म्हसोबासाठी याहून चांगलं घर सापडणार नाही.

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत या सात तलावांची पातळी छापून येते. ती कात्रणं जपून ठेवा, लागणार आहेत.

गिऱ्ह्याची हद्द सोपी: उतार, नाला, खाडी. बुडून मेलेल्याचं हे भूत. रात्री ओळखीच्या आवाजात नाव घेऊन बोलावतं आणि 'इथून चल, गुडघाभरच पाणी आहे' म्हणत खोलात नेतं. मिठी नदी त्याची. सांगणारे असंही सांगतात की त्याचे केस हाती लागले तर तो तुमचा गडी होतो, पडेल ते काम करतो, पण केस परत मिळवायची संधी शोधत राहतो आणि मिळाले की सूड घेतो. स्कॉटलंडच्या केल्पीचं, म्हणजे पाणघोड्याचंही असंच आहे: लगाम ज्याच्या हाती, घोडा त्याचा. प्लेअरांना हे केस जरूर मिळू द्या. ते कधीच सोडत नाहीत आणि पुढची चार सेशन्स तुम्हाला वेगळं काही रचावं लागत नाही.

मान ठरवा आणि तो कुणी चुकवला तेही

एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ: 'मधली आसरा. मान: दर श्रावणात ओटी. देणारी: चाळीतली एक म्हातारी. चुकला: चाळ पाडली, म्हातारी ट्रान्झिट कॅम्पात गेली, विहिरीवर आता टॉवरचं पार्किंग.' एवढं पुरतं. बिल्डरला दुष्ट करू नका, त्याला विहीर होती हे ठाऊकच नाही. वाईट माणूस सापडला की प्लेअर त्याला ठोकतात आणि गोष्ट संपते. चुकलेला मान ठोकून संपत नाही.

शहर असा मान देतं, याची जुनी आख्यायिकाच आहे. अठराव्या शतकात वरळीची खाडी बांधताना बांध पुन्हा पुन्हा ढासळायचा. शेवटी कामावरच्या पाठारे प्रभू अभियंत्याच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला. महालक्ष्मीच्या देवळाची ही कथा. ही मी प्लेअरांना आधीच सांगतो. मग आजचे अभियंते काय करतात, हा प्रश्न कुणीतरी आपणहून विचारतंच.

मान पैशात मोजू नका. मी एकदा आसरेला पाच हजार रुपये मागायला लावले. प्लेअरांनी यूपीआय केलं आणि सीन मेला. वेळ मागा, सवय मागा, आठवण मागा. 'तू आजवर प्यायलेल्या पहिल्या पाण्याची चव मला दे' असं काही.

देवचार वापरणार असाल तर एक सूचना. सिंधुदुर्गात तो गावाच्या वेशीचा राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, चुकलेल्याला वाट दाखवणारा. तो मुंबईत आपणहून येत नाही. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या, गिरणीत कामाला आलेले गावकरी तिथे राहायचे. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर त्या हळूहळू रिकाम्या झाल्या. अशा खोलीत दिव्याखाली कुणीतरी अजून विडी ठेवत असेल, तरच तिथे राखणदार आहे. तो मदत करतो, पण फक्त आपल्या गावच्या माणसाला. त्यामुळे पहिल्या सेशनला प्रत्येक कॅरेक्टरचं गाव विचारून ठेवा. "गाव नाही, मी मुंबईचाच" म्हणणारा एक निघतोच, आणि चकवा पहिल्यांदा त्यालाच लागतो.

नियम तीन-चारच, पण मोडू नका

हाकेचा. रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरीची वाट पाहावी. याची टेबलावरची युक्ती मला फार आवडते: नियम आधी सांगून ठेवा आणि मग तासाभराने, चहा ओतता ओतता, नेहमीच्या आवाजात एखाद्या कॅरेक्टरला नावाने हाक मारा. प्लेअर "हं?" म्हणाला की कॅरेक्टरने ओ दिली. एका सेशनमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा केलंत तर लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

लोखंडाचा. युरोपातल्या फेअरींना लोखंड चालत नाही. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा, सुरी किंवा अडकित्ता ठेवतातच. पण लोखंडाला तलवार करू नका. लोखंड अडवतं, मारत नाही. आणि मुंबईत लोखंड सगळीकडे आहे: रूळ, पूल, लोकलचा डबा. म्हणून चालती लोकल सुरक्षित. रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असतात, तोच 'त्यांचा' वेळ. प्लेअरांची घड्याळावर अशी नजर दुसऱ्या कशानेही राहत नाही.

शब्दाचा. कॅरेक्टरने 'देईन', 'येईन', 'करीन' म्हटलं की कागदाची चिठ्ठी करून प्लेअरच्या पुढ्यात ठेवा. चिठ्ठी दिसत राहिली पाहिजे. ती कधी वटवायची ते तुम्ही ठरवायचं.

उताऱ्याचा. तिठ्यावर ठेवलेला भात, अंडं, लिंबू ओलांडायचं नाही, खायचं तर त्याहून नाही. फेअरींचं अन्न खाल्लं की माणूस तिथलाच होतो, त्याला आपल्याकडचं जवळचं हेच. दादरच्या एखाद्या सिग्नलवर ठेवलेला उतारा घाईतल्या टॅक्सीला ओलांडावाच लागतो. तिथे काय होतं, हा निर्णय मी फाशांवर सोडतो.

फासे

सहा बाजूंचे दोन फासे टाका. १० किंवा वर आलं तर जमलं, ७ ते ९ ला जमलं पण किंमत द्यावी लागते, ६ किंवा खाली आलं तर गेम मास्टरची पाळी. हा सांगाडा बऱ्याच आधुनिक खेळांत आहे. ३६ शक्यतांपैकी ६ निखळ यशाच्या, १५ किमतीच्या, १५ अपयशाच्या. म्हणजे ३६ पैकी २१ वेळा काम होतं, पण त्यातल्या १५ वेळा काहीतरी देऊनच. भुताशी व्यवहार याच प्रमाणात व्हायला हवा. ज्याने रीतसर मान आणलाय त्याला एक अधिक द्या, ज्याच्या पुढ्यात न वटलेली चिठ्ठी पडलीय त्याचा एक कापा. लढाईसाठी वेगळे नियम नकोत. आसरेवर हल्ला केला तर फासे टाकूच देऊ नका. पाणी वर येतं, एवढंच सांगा.

सगळ्या कॅम्पेनसाठी एक चक्र काढा, सात भागांचं. प्रत्येक चुकलेल्या मानाला एक भाग भरा. प्रत्येक भाग म्हणजे एका तलावाची पातळी घसरली: आधी एका वॉर्डात कमी दाबाने पाणी, मग दहा टक्के कपात, मग टँकर. कात्रणं इथे टेबलावर ठेवायची. आणि टँकरचं पाणी बऱ्याचदा शहरातल्या विहिरींतूनच भरतात, त्यामुळे जी विहीर सगळे विसरले होते ती सोसायटीच्या टाकीत येऊन बसते. हे मी एकदाच वापरलं. माझ्या एका प्लेअरने घरी जाऊन टाकी धुऊन घेतली.

चकवा चालवताना

चकव्याचं काम भीती घालणं नाही, कंटाळा आणणं आहे, आणि कंटाळ्यातून भीती येते. दादर स्टेशन घ्या. तिथले फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ मध्ये बदलले; मध्य रेल्वेचे फलाट आता आठपासून सुरू होतात. जुना आकडा डोक्यात घेऊन जिना उतरणारा माणूस चकव्याला आयताच. प्लेअर पुलावर चढतो, उतरतो, तोच फलाट. पुन्हा चढतो. प्रत्येक वेळी एक तपशील बदला: आधी बूट पॉलिशवाला दिसत नाही, मग इंडिकेटरवर एकच गाडी राहते, मग पुलावर बाकी कुणीच नाही. चौथ्या फेरीला त्यांना स्वतःचीच पाठ पुढे चालताना दिसते.

सुटका काय? गावात सांगतात तीच: बस. एका जागी बसून राहा, उजाडू दे. इंग्लंडात पिक्सींनी, म्हणजे तिकडच्या फेअरींनी, वाट चुकवली की कोट उलटा करून घालतात; एखाद्या प्लेअरने आपणहून शर्ट उलटा केला तर मी मान्य करतो. पण बसणं हीच खरी परीक्षा, कारण प्लेअरांना काहीच न करणं जमत नाही. एकदा चौघांपैकी तिघं बसले, चौथा 'मी फक्त बघून येतो' म्हणून गेला. तो पुढच्या सेशनला परत आला, दोन दिवस मागे राहिलेल्या घड्याळासकट.

टेबलावरची माणसं

खेळापूर्वी विचारा: बुडणं चालेल का? बाळाला धोका चालेल का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि या शहरात त्या दिवशी कुणी ना कुणी गमावलेली घरं आहेत. मिठी नदीवर गिऱ्हा बसवण्याआधी हे विचारायलाच हवं. टेबलाच्या मध्ये एक्स काढलेलं कार्ड ठेवा. कुणीही हात लावला की सीन बदलायचा, कारण विचारायचं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने जास्त गंभीर. अमुक बाई चेटकीण आहे, हिला बदललंय, असं ठरवून बायकांना जाळलं आणि मारलं गेलंय. आयर्लंडमध्ये १८९५ साली ब्रिजेट क्लिअरीला नवऱ्याने, ही माझी बायको नव्हे, फेअरींनी ठेवलेली बदली आहे, असं म्हणत जाळून मारलं. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, तोही नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. म्हणून माझ्या खेळात 'ही माणूस नाही' असं एखाद्या साध्या बाईबद्दल कुणी म्हणालं, तर ते नेहमी चुकीचं निघतं. आणि भगत, मांत्रिक हे एनपीसी (गेम मास्टर वठवतो ती पात्रं) ठेवलेच तर ते रोगाचा इलाज करत नाहीत. खऱ्या पत्त्यावरची खरी इमारत झपाटलेली दाखवू नका. तिथे भाडेकरू राहतात.

पहिलं सेशन

एक कॅरेक्टर डिलिव्हरी करणारा असू द्या, एक पालिकेच्या पाणी खात्यात, बाकी कुणीही. मे महिना, कपात जाहीर झालेली. रात्री पावणेएकला फोनवर ऑर्डर येते: दहीभात, सात डबे. पत्ता धोबी तलाव, खाली सूचना: 'काठावर ठेवा'. ग्राहकाच्या नावाच्या जागी काहीच नाही. पैसे आधीच भरलेले.

तिथे गेल्यावर काठ शोधायचा कसा, हे प्लेअरांना सुचवू नका. रस्ता, सिग्नल, बंद शटर. कुणीतरी फुटपाथवरच्या ओल्या पट्ट्याकडे पाहीपर्यंत थांबा. त्या रात्री पाऊस पडलेला नाही, पाणीही सुटलेलं नाही. डबे ठेवले की एकेक हात येऊन उचलतो, हिरव्या बांगड्यांचा, मनगटापर्यंत ओला. सहा डबे उचलले जातात.

सातवा तसाच राहतो. सेशन इथेच थांबवा आणि त्या आठवड्याचं तलावांच्या पातळीचं कात्रण टेबलावर ठेवून चहा टाकायला उठा.